पुण्यात सिगारची खोकी मुरवायची तर

मी खोकी जमवतो असं सांगितलं की हल्ली लोक हसतात. शब्दच बदनाम झाला, त्याला माझा इलाज नाही. माझी खोकी लाकडाची आहेत, कुणात दहा सिगार तर कुणात पंचवीस, आणि कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती बारा वर्षं सुखाने नांदताहेत. सुरुवातीची तीन वर्षं मात्र सुखाची नव्हती. परदेशी मार्गदर्शकांतले सल्ले जसेच्या तसे इथे वापरले आणि बरेच पैसे अक्षरशः बुरशीला आणि किड्यांना खाऊ घातले.

त्या सगळ्या मार्गदर्शकांत एक मंत्र असतो: सत्तर-सत्तर. आर्द्रता सत्तर टक्के, तापमान सत्तर अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले २१ सेल्सिअस. ही माणसं आर्द्रतेवर पानंच्या पानं लिहितात आणि तापमान एका ओळीत संपवतात, कारण त्यांच्या घरात २१ अंश आपोआप असतात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा ३८ ते ४० वर असतो. पुण्यात ओलावा सांभाळणं सोपं आहे, त्याची तयार पाकिटं मिळतात. खरी कसरत गारव्याची आहे. खाली जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आणखी एक, आधीच सांगून ठेवतो. मुरल्याने सिगारची चव मऊ होते, पण तो निरुपद्रवी होत नाही. निकोटीन तिथेच असतं, धूर छातीत न घेता नुसता तोंडात घोळवला तरी तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका राहतो. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. मी महिन्याला दोन ओढतो आणि आमच्या डॉक्टरांना तेही दोन जास्त वाटतात. ज्याला हा नाद नाही त्याने माझं वाचून लावून घेऊ नये.

मुरतं म्हणजे नेमकं काय होतं

तंबाखूचं पान तोडल्यावर उंच लाकडी कोठारात टांगून आठवडेच्या आठवडे वाळवतात, मग ढीग रचून आंबवतात. ढिगाला आतून ऊब चढते, अमोनिया बाहेर पडतो, पानाचा उग्रपणा कमी होतो. पुढे सिगार वळताना ते पान मोडू नये म्हणून पुन्हा ओलं करावं लागतं. त्या ओलीमुळे खोक्यात भरल्यावरही आंबणं मंदपणे चालूच राहतं. अगदी ताज्या खोक्याचं झाकण उघडलं तर कधीकधी नवसागर आणि चुना एकत्र चोळल्यावर येतो तसा झोंबरा वास येतो तो याचाच. हे सिगारचं आजारपण. काही महिन्यांत उतरतं, जोरकस सिगारात वर्षभरही रेंगाळतं. या काळात ओढला तर जीभ चरचरते आणि माणूस उगाच त्या ब्रँडला नावं ठेवतो.

आजारपण संपलं की खरं मुरणं सुरू होतं. कडवट-तुरट कडा बोथट होतात, पोटातल्या वेगवेगळ्या पानांच्या चवी एकमेकींत मिसळतात. ताज्या लोणच्यात मीठ वेगळं, मोहरी वेगळी आणि कैरी वेगळी लागते, सहा महिन्यांनी ते सगळं मिळून एक लोणचं होतं, तसंच. आणि लोणच्याप्रमाणेच इथेही कच्चा माल बघावा लागतो. रोपाच्या शेंड्याकडच्या पानाला ऊन जास्त मिळतं, ते जाड, तेलकट आणि तिखट असतं. क्युबात त्याला लिहेरो म्हणतात. ज्या सिगारच्या पोटात लिहेरो भरपूर, त्याच्यात मुरण्याजोगं काहीतरी असतं. सौम्य सिगार पाचसात वर्षं ठेवला तर शेवटी हाती गरम हवा तेवढी उरते. जुना म्हणजे चांगला, हे सरसकट खरं नाही.

कोणतं खोकं ठेवायचं

क्युबाच्या ब्रँडांत पार्तागासचा सेरी डी नंबर ४, बोलिवारचे बहुतेक सगळे, रामोन आयोनेसचा स्पेशली सिलेक्टेड ही खोकी मी बिनघोर पाच ते आठ वर्षांसाठी ठेवतो. ओयो दे मोंतेर्रेचा एपिक्युर नंबर २ हा गोड स्वभावाचा सिगार, तो दोन-तीन वर्षांत संपवतो. निकाराग्वाच्या पाद्रोनची गोष्ट वेगळी. त्यांच्या १९६४ मालिकेत कारखान्यातच चार वर्षं मुरलेलं पान वापरतात, म्हणजे आपल्याकडे येतो तो तयार माल. तो ठेवला तर बिघडत नाही, पण आणलेल्या दिवशी आणि चार वर्षांनी यांतला फरक मला तरी खर्चाच्या मानाने थोडा वाटला.

आकार नवख्याने रोबुस्तो घ्यावा. जाडी ५० रिंग गेज, लांबी १२४ मिलिमीटर. रिंग गेज म्हणजे एका इंचाचे ६४ भाग करून त्यातले किती. ५० म्हणजे जवळजवळ २० मिलिमीटर. जाड सिगार हवेतला बदल सावकाश पोटात घेतो. ३८ गेजचा सडपातळ लान्सेरो माझा अतिशय आवडता आहे, पण पुण्याच्या एका उन्हाळ्यात त्याचं वरचं पान पापडासारखं तडकतं.

सुटे सिगार मुरवायच्या भानगडीत पडू नका. खोक्यात पानाला पान लागलेलं असतं, भोवती लाकूड असतं, हवा कमी असते. अढीत आंबा पिकतो आणि टेबलावर सुकतो, तोच हिशेब. आणि जमलं तर एकाच सिगारची दोन खोकी घ्या. एक ओढायचं, एक विसरायचं. एकच असेल तर ते मुरायच्या आत संपतं, हे मी स्वतःबद्दल शपथेवर सांगू शकतो.

गुंतवणूक म्हणून मात्र याकडे बघू नका. २०२२ मध्ये कोहिबा आणि त्रिनिदाद या क्युबन ब्रँडांचे भाव जगभर हाँगकाँगच्या चढ्या पातळीला नेले तेव्हा आमच्या एका मित्राने आपल्या तीन खोक्यांची किंमत काढून घरी पेढे वाटले. विकणार कोणाला, कोणत्या परवान्यावर, आणि आठ वर्षं ती कशी ठेवली होती याची खात्री कोण देणार, हे प्रश्न त्याला पेढे संपल्यावर पडले.

खरेदी आणि कस्टम्स

पुण्या-मुंबईतल्या अधिकृत दुकानात खोकं घेतलं तर कर भरलेला असतो आणि खोक्यावर वैधानिक चित्रमय इशाराही असतो. त्या इशाऱ्याने सुंदर खोकं विद्रूप होतं अशी तक्रार करणारे आहेत. मला ती खूण दिलाशाची वाटते. माल सरळ मार्गाने आला आहे हे तिच्यावरून कळतं.

बाहेरून आणायचं तर २०१६ च्या बॅगेज नियमांनी माणशी २५ सिगार शुल्काशिवाय आणायची सवलत ठेवली. पंचवीसचं एक खोकं त्यात चपखल बसतं. निघण्याआधी चालू नियम कस्टम्सच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. नवरा-बायकोने मिळून पन्नासचं खोकं आणायची युक्ती मात्र चालत नाही, कारण दोघांच्या सवलती एकत्र करता येत नाहीत. पन्नास एकाच्याच सामानात, म्हणजे पंचवीसांवर शुल्क. दुबईच्या भाच्याला सांगताना म्हणूनच पन्नासचं नव्हे, पंचवीसचं सांगा.

खोकं हातात आल्यावर आधी तळ बघा. क्युबाच्या खोक्याच्या बुडाला तापवलेल्या शिक्क्याने ‘एचो एन कुबा’ आणि ‘तोतालमेन्ते आ मानो’, म्हणजे संपूर्ण हाताने, असं डागलेलं असतं. शेजारी शाईचा शिक्का असतो: कारखान्याचा सांकेतिक शब्द आणि महिना-वर्ष. महिने स्पॅनिशमध्ये. ‘एने’ म्हणजे जानेवारी, ‘आब्र’ एप्रिल, ‘आगो’ ऑगस्ट, ‘दिक’ डिसेंबर. मुरण्याचं वय या शिक्क्यापासून मोजायचं, आपण विकत घेतल्याच्या तारखेपासून नाही. दुकानात तीन वर्षं पडून असलेलं खोकं कधीकधी त्याच भावात मिळतं. दुकानदाराला तो जुना माल वाटतो आणि आपल्याला फुकटची तीन वर्षं मिळतात. त्याआधी ते दुकानात कुठे ठेवलं होतं तेवढं विचारा. काउंटरमागच्या दिव्याखाली असेल तर नको.

कडेला हिरवी हमीपट्टी असते, तिच्यावरचा बारकोड हाबानोस या क्युबन सिगार विकणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आणि काचेच्या झाकणाचं कोहिबाचं खोकं कोणी दाखवलं तर हसून परत द्या. कोहिबा असल्या खोक्यात येतच नाही. तरी दर वर्षी परदेश सहलीहून कोणीतरी ते मोठ्या अभिमानाने घेऊन येतं, आणि मग आपल्याला त्यांचा आनंद न मोडता चहा प्यावा लागतो.

किडा: ही पायरी टाळायची नाही

हळदीत, धन्यात, मिरचीपुडीत एक तांबूस तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरचा गोलसर किडा पडतो, तो तुम्ही स्वयंपाकघरात पाहिला असेल. तोच तंबाखूचा किडा. प्राणी एकच, त्याला मसालाही चालतो आणि माँतेक्रिस्तो सिगारही. अंडी इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. ऊब मिळाली की अळी निघते, पोटातलं पान पोखरत जाते आणि शेवटी टाचणीने पाडल्यासारखं वाटोळं भोक करून किडा बाहेर येतो. साधारण १८ अंशांखाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. ३० च्या आसपास त्याला सण असतो. म्हणजे वर्षातले निदान चार महिने पुणं त्याचं माहेरघर आहे.

माझा धडा तिसऱ्या वर्षीचा. पंचवीसचं खोकं, डबा चांगला घट्ट, आर्द्रता नेमकी, सगळं पुस्तकाप्रमाणे. डबा स्वयंपाकघराच्या उंच कपाटात, कारण तिथे जागा होती. ऑक्टोबरच्या उकाड्यात उघडून बघतो तर सात सिगारांना भोकं आणि खोक्याच्या तळाला तपकिरी भुकटी. आईने खालच्या कप्प्यातला हळदीचा डबा उघडला आणि तो तसाच माझ्यासमोर ठेवला. कोणाचे किडे कोणाकडे गेले यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

तेव्हापासून प्रत्येक नवं खोकं आधी गोठवतो. उत्पादक निर्यातीआधी गोठवतात हे ठाऊक असूनही गोठवतो, कारण मधला प्रवास आणि मधली दुकानं मी पाहिलेली नाहीत. खोकं न उघडता दोन जाड झिपच्या पिशव्यांत, शक्य तितकी हवा काढून घालायचं. एक दिवस फ्रीजच्या खालच्या भागात. मग पाच ते सात दिवस फ्रीजरमध्ये. पुन्हा एक दिवस खाली. मग एक दिवस बाहेर, आणि तोपर्यंत पिशवी उघडायची नाही. गार खोकं उघड्यावर काढलं तर त्याला घाम सुटतो, वरचं पान फुगतं आणि फाटतं. या पायरीतले बहुतेक अपघात इथेच होतात.

फ्रीजर खरोखर उणे १८ ला पोचतो का ते थर्मामीटर ठेवून बघा. एका दाराच्या जुन्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बऱ्याचदा तितका गार होत नाही. त्याने अळी झोपते, मरत नाही. दोन दाराच्या फ्रीजमध्ये काम होतं. आणि त्याच फ्रीजरमध्ये सुकट किंवा बोंबील असतील तर पिशव्या दोनच्या तीन करा.

घरातली जागा

सर्वांत वाईट जागा माळा. स्लॅबखालची ती पोकळी मे महिन्यात भट्टी होते. दुसरी वाईट जागा पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं कपाट. संध्याकाळी त्या भिंतीला हात लावून बघा म्हणजे कळेल. चांगली जागा म्हणजे घराच्या मध्यभागी, जमिनीलगत, अंधारी आणि स्वयंपाकघरापासून दूर. देवघराच्या जवळही नको, उदबत्ती आणि कापूर यांचा वास तंबाखू उचलते. डांबराच्या गोळ्या असलेलं कपाट तर अजिबात नको.

शनिवार पेठेत एका स्नेह्यांच्या वाड्यात तळमजल्यावर अडीच हात जाडीच्या भिंतीची एक कोठी होती. भर वैशाखात तिथे शिरलं की अंगावर गार यायचं. त्यांनी तिथे साध्या पत्र्याच्या ट्रंकेत खोकी ठेवली आणि कधी काही बिघडलं नाही. वाडा गेला, आता तिथे सात मजले आहेत. आपल्यासारख्यांना ते काम विजेवर करून घ्यावं लागतं.

डबा, आणि मग डब्याला गारवा

लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे ओलावा राखणारी सिगारची पेटी, दिसायला देखणा असतो, पण तो सिगार ओढण्यापुरता जवळ ठेवायला. खोकी मुरवायला तो पुण्यात कुचकामी. उन्हाळ्यात त्याचं लाकूड आकसतं, झाकणाला फट पडते, आणि पावसाळ्यात त्याच फटीतून बाहेरची ८०-८५ टक्के आर्द्रता आत येते. घरी असेलच तर वापरण्याआधी त्याचं लाकूड ८४ टक्के आर्द्रता राखणाऱ्या पाकिटाने दोन आठवडे ओलवून घ्या. कोरड्या लाकडात सिगार ठेवले तर लाकूड सिगारांचं पाणी पितं.

मुरवण्यासाठी खाद्यपदार्थांचा, रबरी कडेचा, कड्या लावायचा मोठा प्लास्टिक डबा घ्यावा. नवा डबा गरम पाणी आणि खायचा सोडा घालून धुवायचा, उन्हात दोन दिवस उघडा ठेवायचा, मग बंद करून रात्रभराने उघडून नाक घालायचं. प्लास्टिकचा वास आला तर पुन्हा पहिल्यापासून. घट्टपणा बघायला अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून झाकण लावा. कडेने उजेड दिसला की हवाही जाते.

डब्यात लाकडाच्या फळ्या घालायची हौस मलाही आली होती. सिगारच्या खोक्यांचं लाकूड ‘स्पॅनिश सीडर’, सीडर म्हणजे देवदार, असं गणित मांडून मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून देवदाराच्या फळ्या कापून आणल्या. तीन महिन्यांनी सगळे सिगार हिमालयातल्या धर्मशाळेसारखे लागत होते. स्पॅनिश सीडर ना स्पेनचा, ना देवदाराच्या कुळातला. तो महोगनीच्या कुळातला अमेरिकी उष्णप्रदेशातला वृक्ष, सेड्रेला ओडोराटा. देवदारात राळ आणि तेल असतं, ते पानात उतरतं. आपल्याकडचं त्याचं चुलत भावंड म्हणजे तूण, एकेकाळी दोघं एकाच वंशात गणली जात आणि भारतात चिरुटांची खोकी तुणाच्या लाकडाचीही करत. पण खरं सांगायचं तर फळ्यांची गरजच नाही. सिगार स्वतःच्या खोक्यात आहेत ना, तेवढं लाकूड पुरे.

आता गारवा. मी वाइन कूलर वापरतो, आणि डबे त्याच्या आत ठेवतो. हे दोन प्रकारचे मिळतात. कॉम्प्रेसर नसलेले, थर्मोइलेक्ट्रिक म्हणजे विजेने गार होणाऱ्या चकतीवर चालणारे शांत आणि स्वस्त असतात, पण खोलीपेक्षा साधारण दहा-बारा अंशच खाली नेऊ शकतात. खोलीत ३५ असेल तर आत २३-२४, तेही धापा टाकत. पुण्याला कॉम्प्रेसरवालाच हवा. त्याचा दोष असा की थंड पत्र्यावर हवेतलं पाणी थेंबांनी जमतं आणि आतली हवा कोरडी होते. सिगार त्या हवेत उघडे ठेवले तर सुकतात. म्हणून आत घट्ट डबा: कूलरने फक्त गारवा सांभाळायचा, ओलावा डब्याने. काटा १७-१८ अंशांवर ठेवा. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली तरी घाबरू नका, भरलेल्या कूलरमध्ये इतका माल गार झालेला असतो की पारा सावकाश चढतो. दार मात्र उघडायचं नाही.

कूलर घेणं शक्य नसेल तर डबा घराच्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा, आर्द्रता ६२ धरा, गोठवण्यात जराही कुचराई करू नका, आणि दोन-तीन वर्षांच्या पुढचे बेत आखू नका. बर्फाच्या बाटल्या आत ठेवायची कल्पना अनेकांना सुचते. बाटलीला घाम सुटतो, घाम खोक्याला लागतो, आठवड्यात बुरशी. नको.

ओलावा

इथे मी सत्तर टक्क्यांच्या मंत्रापासून फारकत घेतो. मुरवायला ६५, आणि कूलर नसेल तर ६२. डबा तापला की तंबाखू पाणी सोडते आणि आतली आर्द्रता वर चढते. सत्तरवर सुरुवात केलेला डबा मेच्या दुपारी बुरशीच्या हद्दीत जाऊन बसतो. ६५ वर सिगार नीट जळतो, मुरतोही, आणि चूक झाली तरी हातात थोडी जागा उरते.

बोवेडा कंपनीची दोन्ही बाजूंनी काम करणारी पाकिटं घ्या. आतलं क्षारांचं द्रावण गरजेप्रमाणे पाणी देतंही आणि शोषतंही. ६० ग्रॅमचं एक पाकीट २५ सिगारांना. पाकीट मऊ आहे तोवर जिवंत, कडक झालं की बदला. स्पंज भिजवून ठेवायची जुनी पद्धत वापरू नका, नळाच्या पाण्याने तर नाहीच. तो फक्त पाणी देतो, परत घेत नाही, आणि श्रावणात तुम्हाला परत घेणारंच काहीतरी हवं असतं.

आर्द्रतामापक नवा असला तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे काही थेंब घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून चोवीस तास ठेवा. ओल्या मिठावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्के असते, हा निसर्गनियम. मापक ७१ दाखवत असेल तर तो चार कमी दाखवतो, तसा कागद त्याच्या पाठीला चिकटवा. माझ्या पहिल्या मापकात नऊचा फरक होता. वर्षभर मी ज्याला ६६ समजत होतो ते ७५ होतं, आणि बुरशी कुठून येते म्हणून रोज हवेला दोष देत होतो.

बुरशीचंही इथेच. वरच्या पानावर पांढरं दिसलं की लोक त्याला ‘प्लूम’ म्हणजे तेलाचे स्फटिक म्हणून खूश होतात. पांढरं काहीही दिसलं तर आधी बुरशीच समजा. फक्त पानावर, वरवर असेल तर मऊ ब्रशने झाडून सिगार वेगळा ठेवता येतो. पेटवायच्या टोकाला आत शिरली असेल, किंवा निळी-हिरवी असेल, तर तो सिगार कचऱ्यात. महाग होता म्हणून ओढू नका.

वही आणि वजनकाटा

दर खोक्याला वहीत एक पान. शिक्क्यावरचा महिना-वर्ष, कधी कुठून आणलं, गोठवल्याच्या तारखा, आणि वजन. वजनाची युक्ती मला कुठल्या मार्गदर्शकात सापडली नाही, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर सुचली. रोबुस्तो साधारण ११-१२ ग्रॅमचा असतो, पंचवीसांचे झाले तीनशेच्या आत-बाहेर. आणल्यावर महिनाभर डब्यात स्थिरावू द्यायचं आणि मग अख्खं खोकं वजन करून लिहायचं. पुढे दर चार-सहा महिन्यांनी पुन्हा. दहा ग्रॅम घटले तर पाणी जातंय, दहा वाढले तर येतंय, लाकूडही थोडं पितं हे गृहीत धरून. झाकण उघडायची गरज नाही. मापक डब्यातली हवा सांगतो, काटा सिगार सांगतो.

हे न उघडणं सर्वांत अवघड जातं. आई म्हणायची, अढीतले आंबे रोज चिवडणाऱ्याच्या वाट्याला मऊ पडलेलेच येतात. मी कूलरच्या दारावर अस्सल पाटी लावली आहे: ‘विनाकारण उघडू नये. कालपासून आत काहीही बदललेले नाही.’ ती पाहुण्यांसाठी आहे असा घरच्यांचा समज आहे.

वर्षभराचं वेळापत्रक

होळीनंतर कूलरची मागची जाळी झाडायची, दाराचं रबर ओल्या फडक्याने पुसायचं आणि पाकिटं दाबून बघायची, कारण चैत्र-वैशाखात दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते आणि मेलेलं पाकीट तेव्हाच दगा देतं. आषाढ-श्रावणात डबा शक्यतो उघडायचाच नाही. उघडावाच लागला तर कोरड्या दुपारी, पावसाची सर चालू असताना नाही. ऑक्टोबरचा उकाडा हा किड्यांचा महिना, तेव्हा प्रत्येक खोक्याचा तळ एकदा पांढऱ्या कागदावर ठोकून भुकटी पडते का बघायचं. दिवाळीनंतर निवांत. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास जातो, तेव्हा नवी खोकी आणायची, वजनं घ्यायची, चव बघायची.

चव कधी बघायची, आणि बाहेर कसा काढायचा

पहिला सिगार शिक्क्यावरच्या तारखेपासून वर्षाने. त्यानंतर वर्षाला एक, शक्यतो त्याच महिन्यात, जेवणानंतर तेवढ्याच वेळाने, म्हणजे तुलना खरी होते. वहीत तीन ओळी पुरतात: ओढ घट्ट की सैल, जिभेवर काय राहिलं, वाट बघायची की संपवायचं. सलग दोन वर्षं नोंद सारखीच आली तर खोकं पोचलं तिथे पोचलं. ओढायला काढा. तिसऱ्या वर्षी आधीपेक्षा फिकं लागलं तर उशीर झाला आहे, मित्रांना बोलवा.

ओढण्याआधी सिगार दोन दिवस कोरड्या लाकडी पेटीत उघडा ठेवा, असं परदेशात सांगतात. थोडं पाणी उडतं आणि तो नीट जळतो. पुण्यात हा सल्ला वर्षातले आठ महिने घातक आहे. एप्रिलमध्ये उघडा सिगार एका दुपारीत तडकतो, जुलैत तो सुकायच्या ऐवजी आणखी ओला होतो. मी आदल्या रात्री सिगार कूलरमधून काढून ६२ च्या पाकिटासोबत एका छोट्या घट्ट बरणीत ठेवतो, बरणी खोलीच्या तापमानाला येऊ देतो आणि मगच उघडतो. बाल्कनीत बसण्याआधी वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचे कपडे वाळत नाहीत ना, तेवढं बघून घेतो.